खड्डा खणण्यापूर्वी

दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी घुटमळत होता. त्याच्या वडिलांनी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत प्लॉट घेऊन घर बांधायला काढले आहे आणि काम जोत्यापर्यंत आले आहे. "सर, घराच्या चारी बाजूंनी मिळून हजार-बाराशे चौरस फूट जागा उरतेय. बागेत काय काय लावू?" असे म्हणून त्याने मोबाइलवर दहा-बारा चित्रे दाखवली. मऊशार हिरवळ, तिच्यातून गेलेली नागमोडी फरसबंद वाट, कडेने कातरलेली झुडपे, मधोमध एक पांढरा बाक. चित्रे सुरेख होती. त्यांत माणूस मात्र एकही नव्हता.

मी म्हटले, "पहिलं वर्षभर एकही झाड लावू नकोस."

सर आपल्याला कटवताहेत असेच त्याला वाटले असावे. तो 'बरं सर' म्हणून निघून गेला. पुढे वार्षिकांकाच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा त्या मुलाला दारात उभ्या उभ्या जे सांगता आले नाही ते इथे लिहावे असे ठरवले. मी बागतज्ज्ञ नाही. मी भूगोल शिकवतो, आणि घरची बाग बिघडवण्याचा मला बारा वर्षांचा भरपूर अनुभव आहे. या विषयावर मत देण्याचा माझा अधिकार एवढाच.

माझे म्हणणे असे, की 'काय लावू?' हा बागेचा शेवटचा प्रश्न आहे आणि आपण सगळे तो पहिला विचारतो. रोपवाटिकेत जातो, फुललेले दिसते ते उचलतो, घरी येऊन जिथे हात रिकामा होईल तिथे खड्डा खणतो. ऊन कुठे पडते, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, पायाखाली माती आहे की विटांचे तुकडे, आणि या जागेत उद्या बसणार-उठणार कोण, हे प्रश्न झाडे मरू लागली की मग सुचतात.

उन्हापासूनच सुरुवात करतो, कारण माझी सर्वांत मोठी नाचक्की तिथेच झाली. आमचे घर २०१३ साली मेमध्ये बांधून झाले. उत्तरेच्या बाजूला दहा फुटांची पट्टी होती आणि त्या दिवसांत तिथे सकाळ-संध्याकाळ झकास ऊन येत होते. मी मोठ्या हौसेने तिथे गुलाब आणि शेवंतीचे वाफे केले. पावसाळाभर रोपे जोमाने वाढली. ऑक्टोबर उजाडला तसे ऊन त्या पट्टीवरून काढता पाय घेऊ लागले, आणि डिसेंबरात, म्हणजे शेवंती फुलायच्या ऐन दिवसांत, तिथे सूर्यकिरण औषधालाही उरला नाही. शेवंतीची लांबच लांब किडकिडीत झाडे भिंतीला टेकून उभी राहिली. गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडले.

आता हे कोड्यात टाकणारे काही होते का? आपण साधारण अठरा अंश उत्तर अक्षांशावर राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर येतो, त्यानंतर जुलै अखेरपर्यंत तो चक्क आपल्या उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र भरदुपारीही तो दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८-४९ अंश वर चढतो. वीस फूट उंचीच्या घराची सावली तेव्हा दुपारी बारा वाजता उत्तरेकडे जवळजवळ अठरा फूट पडते. माझी पट्टी होती दहा फुटांची! ही आकृती मी वीस वर्षे फळ्यावर काढत आलो होतो. घराच्या मागे जाऊन ती जमिनीवर पाहावी असे मात्र एकदाही सुचले नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ते शेतकऱ्यांना आणि गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांना मांडून दाखवत. गणिताच्या माणसाला जे दिसले ते भूगोलाच्या माणसाला दिसू नये, याला काय म्हणावे?

म्हणून त्या विद्यार्थ्याला वर्षभर थांब म्हटले. डिसेंबरात एक दिवस, मार्चमध्ये एक दिवस, मेमध्ये एक दिवस, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणात सावलीच्या कडेने चुन्याची रेघ मारावी आणि ती कागदावर उतरवून घ्यावी. नऊ रेघांचा हा नकाशा कुठल्याही नर्सरीवाल्याकडे मिळत नाही. शेजारच्या प्लॉटवर उद्या दुमजली घर उठेल, याचीही त्यात सोय ठेवावी. आपल्याकडे रिकामा प्लॉट फार दिवस रिकामा राहत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे पश्चिम. एप्रिल-मेचे दुपारी तीननंतरचे ऊन आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर दाणदाण आदळते आणि रात्री दहापर्यंत ती भिंत आतल्या खोलीत भट्टीसारखी धगधगत असते. एखादे मोठे, दाट सावलीचे झाड लावायची हक्काची जागा तीच होती. तिथे मी काय केले, तर हिरवळ!

या हिरवळीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आम्हा मध्यमवर्गीयांच्या मनात 'बाग' म्हटले की हिरवळच का येते? ज्या देशांत वर्षभर भुरभुर पाऊस असतो, तिथे गवत आपोआप हिरवे राहते आणि माणसाचे काम फक्त ते कापायचे. आमचे गाव सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने गवताने वाळून जाणे आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा फुटणे हाच इथल्या गवताचा धर्म. आपण त्याला बारमाही हिरवे राहायला लावतो आणि त्याची किंमत पाण्यात मोजतो. ही किंमत काढायला सोपी आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझी हिरवळ सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. उन्हाळ्यात तिला रोज पाच मिलिमीटर तरी पाणी लागते असे धरले, तर दिवसाला २८० लिटर झाले. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी पुरवायचे असे जलजीवन मिशनचे माप आहे. त्या मापाने माझी हिरवळ रोज पाच माणसांचे पाणी पीत होती.

हे गणित मी तेव्हा केले नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले गेले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली, मीही पाहिली, वर्गात त्यावर तासभर बोललो. आमच्याही गावात नळाला चार दिवसांआड पाणी येत होते आणि माझी विंधनविहीर खडखडीत झाली होती. मी टँकर मागवला आणि संध्याकाळी हातात नळी धरून हिरवळीवर उभा राहिलो. आई तेव्हा नुकतीच गावाकडचे घर बंद करून आमच्याकडे कायमची राहायला आली होती. ती बराच वेळ पायरीवरून पाहत राहिली. मग म्हणाली, "अरे, विकतचं पाणी गवताला घालतोस? गुरं तरी कुठायत आपल्याकडं खायला?"

मी काहीतरी पुटपुटलो. कंपाउंडच्या पलीकडे शेजारची बाई दोन घागरी घेऊन टँकरवाल्याशी बोलत होती. मी नळी बंद केली. ती हिरवळ महिन्याभरात जळाली, आणि खरे सांगायचे तर कुणाला तिची फारशी आठवणही आली नाही. बारा महिने पाणी पाजून तिच्यावर बसले कोण होते? ओली म्हणून बसायचे नाही, कापलेली म्हणून चालायचे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या दर्शनी भागातही अशीच एक हिरवळ आहे. तिच्यापुढे 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी आहे आणि सगळी मुले मागच्या कडुनिंबाखाली सायकलस्टँडच्या कठड्यावर बसतात. बागेची परीक्षा मुलांनी परस्पर घेऊन टाकली आहे म्हणायची.

पाण्याची दुसरी चूक पावसाळ्यातली, आणि ती जास्त लाजिरवाणी. चिखल नको म्हणून पुढचे अंगण आम्ही पेव्हर ब्लॉक घालून बंद करून टाकले, आणि गच्चीचे पाणी पाइपाने थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडले. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचा एक, असे पाच टँकर मी दर पावसाळ्यात फुकट घालवत होतो आणि उन्हाळ्यात त्यांतलेच विकत घेत होतो. आता गच्चीचा पाइप विंधनविहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडला आहे आणि निम्मे ब्लॉक उखडले आहेत. विहिरीला लगेच पूर आला असे नव्हे. पण गेटापाशी पूर्वी साचणारे डबके गेले, एवढे नक्की.

मातीची गोष्ट थोडक्यात सांगतो. बांधकाम आटोपले की ठेकेदार विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, गिलाव्याचा चुरा, सगळे घराभोवती पसरून जागा सपाट करून देतो. त्यावर मी दोन ब्रास काळी माती टाकली. दोन ब्रास म्हणजे दोनशे घनफूट. सहाशे चौरस फुटांवर पसरली की चार इंचांचा थर. वरून शेतासारखे दिसत होते. लिंबाच्या रोपाने वर्षभरात निकाल दिला: नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चुन्याने भरलेल्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मी खत घालत राहिलो, खत हे त्यावरचे औषधच नव्हते. शेवटी तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून डबर काढले, तेव्हा आत सिमेंटचे अख्खे एक पोते दगड होऊन बसलेले सापडले. ज्यांची काळी माती मुळातच खोल आहे त्यांचे दुखणे उलटे. ती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. तेव्हा रोप आणण्यापूर्वी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे आणि ते किती वेळात जिरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही दिसत असेल, तर तिथे फळझाड लावण्याआधी पाण्याला वाट काढून द्यायला हवी.

आता झाडांकडे येतो. नर्सरीतून येते ते दीड फुटाचे रोप. आपण जागा देतो ती त्या दीड फुटाला. आंब्याच्या कलमांत दहा-दहा मीटर अंतर ठेवण्याची पद्धत उगाच पडलेली नाही. आमच्या बागवाल्याने "सर, लवकर वाढतंय, मेंटेनन्स नाही" असे सांगून घराच्या भिंतीपासून सहा फुटांवर, सांडपाण्याच्या पाइपाच्या नेमके वर, सप्तपर्णी लावली. लवकर वाढते हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरले. आज ती गच्चीच्या वर गेली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फुलते तेव्हा रात्री तिचा वास असा कोंदतो की सौ.चे डोके धरते आणि त्या बाजूच्या खिडक्या दोन महिने बंद ठेवाव्या लागतात. पाइप दोनदा फोडून झाला. 'मग तोडून टाका' असे म्हणणे सोपे आहे. नागरी भागात झाड तोडायला १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तशी ती लागावी याच मताचा मी आहे. अहो, माझ्यासारख्यांना दर पाच वर्षांनी मत बदलले की झाड पाडायची मोकळीक दिली, तर गावात सावली उरायची नाही. घरातले फर्निचर सरकवता येते, भिंतीचा रंग बदलता येतो. झाडाच्या बाबतीत लावण्याआधीच काय तो विचार.

एवढे सगळे झाल्यावर आमची आई गावाकडच्या परसाबद्दल बोलायची ते मी प्रथमच कान देऊन ऐकले. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, पलीकडे कर्दळ, त्यापलीकडे केळी: पाय कायम ओले ठेवून जगणारी सगळी मंडळी एका रांगेत. शेवगा घरापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, कारण त्याची फांदी कधी मोडेल नेम नाही आणि पावसाळ्यात सुरवंट चढतात. कढीपत्ता मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी. का, असे विचारले तर म्हणाली, "फोडणी करपायच्या आत परत येता आलं पाहिजे ना!" आराखड्याचे इतके नेमके माप मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

जुन्या परसाचे पोवाडे गाण्याचा मात्र माझा हेतू नाही. त्या अळवाच्या डबक्यावर डासही होते. विहिरीचे पाणी पोहऱ्याने शेंदून झाडांपर्यंत नेणारे हात बायकांचेच होते आणि पुरुष ओसरीवर बसून 'यंदा पेरू चांगला आला' म्हणत. आणि आजच्या न्हाणीच्या पाण्यात कपड्यांच्या पावडरीतले क्षार असतात. ते पाणी डोळे मिटून झाडांना सोडता येत नाही. आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी तेवढे वळवले आहे. घ्यायची ती त्या परसामागची नजर. कोण, किती वेळा, कशासाठी, कुठल्या दाराने बाहेर येणार, हे पाहून तिथे झाड बसवले जाई. आमच्या बागवाल्याने कागदावर काढलेली नागमोडी वाट पाहा. पाहुणे सोडून कुणीही तिच्यावरून चालले नाही. दूधवाला, कामाच्या बाई, गॅसचे सिलिंडर आणणारा, सगळे गेटापासून मागच्या दारापर्यंत सरळ चालत गेले आणि वर्षभरात तिथे दुसरी वाट पडली. पुढे आम्ही तिच्यावरच शहाबादी फरशा टाकल्या.

विद्यार्थ्यांपैकी बरेचजण म्हणतील, "सर, आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आमच्याकडं फक्त गॅलरी आहे." त्यांनाही सावलीचा हिशेब चुकत नाही. उत्तरेच्या गॅलरीत गुलाब आणून 'आमच्या हाताला गुणच नाही' असे म्हणणारे मी पाहिले आहेत. वजनाचे मात्र भान ठेवावे. एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या आसपास भरते. अर्धे कापलेले मोठे पिंप मातीने भरले, की तीन माणसे रात्रंदिवस गॅलरीत उभी आहेत असे समजावे.

माझी शेवटची चूक मला सर्वांत उशिरा कळली. बागेत एक बाक होता. बागवाल्याने तो पश्चिमेला, हिरवळीकडे तोंड करून बसवला होता, चित्रातल्यासारखा. आई गावाहून आली त्या हिवाळ्यात ती रोज सकाळी आठ वाजता घरातली लाकडी खुर्ची स्वतः ओढत आग्नेयेच्या कोपऱ्यात नेत असे. पाण्याच्या टाकीशेजारच्या त्या जागेत आम्ही उरलेल्या फरशा आणि मोडके सामान रचून ठेवले होते. थंडीत सकाळचे ऊन पहिले तिथे येते हे तिला आठवडाभरात समजले होते. तिचे गुडघे दुखत. तिला ऊन हवे होते, पाठीला भिंत हवी होती आणि येणारे-जाणारे दिसायला हवे होते. सबंध बागेत तिला हवी होती ती जागा एवढीच, आणि तिथेच आम्ही अडगळ टाकली होती. तिने कधी तक्रार केली नाही. एक दिवस खुर्ची ओढताना ती पडली. मनगटावरच निभावले. अडगळ मी त्याच संध्याकाळी काढली, पण तोवर बागेला तीन वर्षे होऊन गेली होती, आणि या तीन वर्षांत आराखड्याबद्दल मी बागवाल्याशी दहादा बोललो होतो, आईशी एकदाही नाही.

आता त्या कोपऱ्यात हातभर उंचीचा ओटा आहे. शेजारी पारिजातक, म्हणजे सकाळी फुले वेचायला तिला वाकून लांब जावे लागत नाही. उत्तरेच्या पट्टीत अळू आणि गवती चहा लावला आहे. हिरवळीच्या जागी पश्चिमेला आंब्याचे एकच कलम आहे, भिंतीपासून चांगले वीस फुटांवर. त्याची सावली भिंतीवर पोचायला अजून काही वर्षे जातील, तोवर उन्हाळ्यात भिंतीला बांबूचे तट्टे बांधतो.

सप्तपर्णीच्या अर्जाचे काम अजून चालू आहे. गेल्या महिन्यात दोन कर्मचारी येऊन पाहणी करून गेले. एकाने बुंध्याचा घेर मोजला, सव्वातीन फूट भरला. दुसऱ्याने भिंत पाहिली, पाइपाची तोंडे पाहिली, वर शेंड्याकडे पाहिले आणि वही मिटत विचारले, "सर, हे इथं लावलं कुणी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात ओट्यावरून आईचा आवाज आला, "अरे, आधी त्यांना चहा तरी विचार."